तिकीट नीट वाचायला शीक

नाशिक

चि. ओंकार,



तुझ्या आईचा फोन आला होता. कोपरगावात घरी राहूनच परदेशी होस्टिंग कंपन्यांचं सपोर्टचं काम फ्रीलान्स करायचं तुझ्या मनात आहे, असं ती म्हणाली. मला हे मनापासून आवडलं. या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझा बायोडेटा वाचला. सर्टिफिकेटं भरपूर आहेत, पण समोर चिडलेला ग्राहक आला तर तू काय करशील, हे त्यातून कळत नाही. छोट्या होस्टिंग कंपनीचा मालक नेमकं तेवढंच शोधत असतो. त्याच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, रात्री आणि शनिवार-रविवारी ग्राहकांच्या तक्रारींची तिकिटं साचतात, आणि सर्व्हरचे पासवर्ड कुणा अनोळखी माणसाच्या हाती द्यायचे याची त्याला धास्ती असते.

नेहमी येणारं एक तिकीट घे. "कालपासून मेल येत नाहीत. तुमचा सर्व्हर बंद आहे का?" बस, एवढंच. नवखा माणूस सर्व्हर बघतो, तो चालू दिसतो, आणि "आमच्याकडून सगळं ठीक आहे" असं लिहून तिकीट बंद करतो. ग्राहक दुप्पट भडकून परत येतो. तू आधी 'डिग' चालवून त्या डोमेनचे नेमसर्व्हर बघ. पुष्कळदा असं निघतं, की काल त्याने दुसरीकडे नवी वेबसाइट बनवून घेतली, ती बनवणाऱ्यांनी सांगितले तसे नेमसर्व्हर बदलले, आणि एमएक्स रेकॉर्ड जुन्या झोनमध्येच राहिला. वेबसाइट छान उघडते आहे, त्यामुळे मेल त्याच कारणाने अडले असतील हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं.

उत्तराच्या पहिल्याच ओळीत हे कारण साध्या शब्दांत लिही. मग नव्या ठिकाणी कोणता एमएक्स रेकॉर्ड घालायचा तो जसाच्या तसा कॉपी करता येईल असा दे. एसपीएफ आणि डीकेआयएमही दे, नाहीतर मेल येऊ लागतील, पण त्याने पाठवलेले लोकांच्या स्पॅममध्ये जातील. आणि अडकलेल्या मेलबद्दल खरं तेच सांग: पाठवणारे सर्व्हर सहसा काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, तेव्हा काही मेल उशिरा पोचतील, जे बाऊन्स झाले ते मात्र पाठवणाऱ्यानेच परत पाठवायला हवेत. हे लिहिणं जिवावर येतं, पण लपवलंस तर पुढच्या आठवड्यात तोच माणूस विश्वास गमावून कंपनी सोडतो. "२४ तासांत होईल" असंही सवयीने लिहू नकोस. सीपॅनलमधल्या रेकॉर्डचा टीटीएल साधारण १४४०० सेकंद, म्हणजे चार तास असतो. डॉट कॉमच्या नेमसर्व्हरचा ४८ तास. आकडा कुठून आला हे तुला ठाऊक असेल तरच तो सांग.

अशी तीन-चार उत्तरं इंग्रजीत लिहून अर्जाला जोड. एक हे मेलचं, एक एचटीॲक्सेस फाइल बिघडून आलेल्या ५०० एररचं, एक वर्डप्रेसचा डेटाबेसशी संबंध तुटल्याचं. स्वस्तातला एखादा व्हीपीएस घे, बिघाड स्वतःच घडवून आण आणि एरर लॉग वाचत दुरुस्त कर. भाषा साधी ठेव. "काइंडली डू द नीडफुल" वाचून अमेरिकेतल्या दुकानदाराला नेमकं काय करायचं ते कळत नाही.

पैशांचं आधी ठरव. मी तरी तिकिटामागे पैसे घेण्यापेक्षा तासावर घेणं पसंत करीन. तिकिटामागे मिळाले की माणूस सोपी तिकिटं उचलतो, आणि शिकायचं ते अवघड तिकिटांतच असतं. अनामत किंवा ट्रेनिंगची फी मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस. शिफ्ट कुठल्या वेळेची, तेही विचारून घे: न्यूयॉर्कमधले सकाळी नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. म्हणजे रोज उत्तररात्रीपर्यंत जागणं आलं. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट कनेक्शन यांची सोय आधीच कर.

एका गोष्टीत मात्र मुळीच ढिलाई नको. मध्यरात्री चॅटवर कुणी काकुळतीला येईल: "मीच मालक आहे, जुना ईमेल बंद पडलाय, खात्यावरचा पत्ता लगेच बदलून द्या, धंदा बुडतोय." खरा असेल, चोरही असेल. तो पत्ता ज्याच्या हाती, त्याच्या हाती पासवर्ड आणि पाठोपाठ डोमेन. कंपनीने ओळख पटवायची जी पद्धत ठरवली असेल ती पूर्ण झाल्याशिवाय काहीही बदलू नकोस, मग तो कितीही रडो, शिव्या देवो की तुझी तक्रार करण्याची धमकी देवो. शांतपणे तेच परत सांग आणि वरिष्ठांकडे पाठव.

मेलच्या तिकिटाचं उत्तर रविवारपर्यंत लिहून मला पाठव. मी ग्राहक होऊन उलट प्रश्न विचारीन. आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
शुभा आत्या