राखेतला चंद्र

अभ्यासपाठ : इयत्ता ५ वी ते ८ वी
वेळ : दीड तास

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलांची शाळा पाच-सहा महिने तुटते. म्हणून फडावरच्या कोपीपुढेही घेता येईल असा हा पाठ आहे. संध्याकाळचे वर्ग घेणाऱ्या बंधुभगिनींनी तो जरूर करून पाहावा.

साहित्य : पसरट घमेले, चुलीतली पूर्ण विझलेली व चाळलेली राख, कोरडी काळी माती, खडे, पट्टी, रुमाल, वही.

कृती १ : उल्का पाडा
घमेल्यात चार बोटे राख पसरावी. वर काळ्या मातीचा पातळ थर द्यावा. एकच खडा गुडघ्याच्या, कमरेच्या व डोक्याच्या उंचीवरून सोडावा. प्रत्येक खळग्याची रुंदी मोजून वहीत लिहावी. खडा तोच, मग खळगा मोठा का झाला, हे मुलांनाच सांगू द्यावे. भोवती उडालेली पांढरी राख दाखवावी. विवरामुळे जमिनीच्या पोटातले असे बाहेर येते, म्हणून शास्त्रज्ञांना विवरे महत्त्वाची वाटतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशाच आघाताने झाले, तेही आपल्या पायाखाली आहे त्याच काळ्या पाषाणात. चंद्रावरचे काळे डागही याच जातीच्या खडकाचे, म्हणजे बेसाल्टचे आहेत.

कृती २ : प्रज्ञान चालवा
चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले. २७ ऑगस्टला प्रज्ञान रोव्हरपुढे तीन मीटरवर चार मीटर रुंद विवर आले. पृथ्वीवरून आज्ञा गेली आणि तो मागे फिरला.

अंगणात काठीने विवरे आखावीत. डोळ्यांवर रुमाल बांधलेले एक मूल प्रज्ञान होईल, दुसरे नियंत्रण कक्ष. आज्ञा आधी वहीत लिहावी, मगच वाचावी : ‘चार पावले पुढे, उजवीकडे वळ.’ पाय विवरात पडला तरी कोणाला बाद करू नये. कोणती आज्ञा चुकली ते गटाने शोधावे, दुरुस्त करावे व पुन्हा चालावे. चांद्रयान-२ चा लँडर २०१९ मध्ये कोसळला. त्याच्या अभ्यासातून पुढच्या लँडरचे पाय मजबूत केले गेले आणि उतरण्याची जागा मोठी ठरवली गेली.

विचारा : चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. मग अंगणातला खळगा जास्त टिकेल की तिथला?

पाठ संपल्यावर वही व पट्टी मुलाबरोबर जाऊ द्यावी. फडाजवळच्या मातीत त्याने घेतलेली मापे परतल्यावर फळ्यावर लिहावीत आणि वर्ग तिथूनच पुढे सुरू करावा.