दहापैकी किती?

'टीप लिहा' असा प्रश्न दिसला की आपण पानंच्या पानं भरतो आणि निकाल लागला की परीक्षकाच्या नावानं खडे फोडतो. माझा रूममेट गेल्या सेमला तीन मार्कांनी राहिला, केटी लागली. त्यानं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. 'फ्लायव्हीलवर टीप लिहा' याला दहापैकी ४! (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठी सांभाळून घ्या.)

१९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका वेगवेगळ्या शाळांत पाठवल्या. १४२ शिक्षकांनी त्या तपासल्या. एकीला शंभरपैकी ६४ ते ९८ मार्क मिळाले, दुसरीला ५० ते ९७!

मग आम्हीही तोच उद्योग केला. रूममेटचं उत्तर, मार्क झाकून, मेकॅनिकलच्या पाच जणांना दिलं. मार्क आले ४, ५, ७, ७, ९. चारवाला म्हणाला, "आकृती कुठाय?" नऊवाला म्हणाला, "अक्षर काय सुंदर आहे!" पण प्रश्नात आकृती मागितलीच नव्हती, आणि अक्षराला मार्क नव्हतेच. म्हणजे गडबड प्रश्नापासूनच होती.

आम्ही प्रश्न बदलला: 'फोर स्ट्रोक, सिंगल सिलिंडर इंजिनचं फ्लायव्हील काढलं तर वेगाचं काय होईल? कारण द्या (४). टर्निंग मोमेंट डायग्राम काढा (४). चार सिलिंडरला लहान फ्लायव्हील का पुरतं? (२)' कोणत्या मुद्द्याला किती मार्क, हे तपासण्याआधीच कागदावर उतरवलं. रूममेटनं नव्यानं उत्तर लिहिलं, दुसऱ्या पाच जणांनी तपासलं. मार्क आले ६, ६, ७, ७, ७. आकृती त्याला येत होती, फक्त कुणी विचारली नव्हती!

आमच्या हाती लागलं ते असं: काय हवं ते प्रश्नातच सांगावं. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासावा, मग दुसरा. म्हणजे एका चांगल्या उत्तराची छाप त्याच मुलाच्या पुढच्या उत्तरावर पडत नाही. नाव झाकावं. आणि यादीत नसलेला बरोबर मुद्दा कुणी लिहिला, तर तो यादीत घालून आधीचे पेपर पुन्हा बघावेत. नाहीतर मोकळ्या प्रश्नाचा 'रिकाम्या जागा भरा' होतो.

पाच जणांचा प्रयोग म्हणजे काही संशोधन नव्हे, आणि यानं रूममेटची केटी सुटणार नाही. पण सरांनो, पुढच्या युनिट टेस्टला एक प्रश्न असा काढून बघाल का?