वारुळावरची अळंबी आणि गोठणीवरची अळंबी

आषाढ सरत आला होता. भाताची लावणी आटोपली होती. चार दिवस पावसाची झड लागली होती. मग एक दिवस उघडीप पडली, आणि माळावर जिकडे तिकडे पांढऱ्या छत्र्या उगवल्या. त्यांना कोणी अळंबी म्हणतात, कोणी भुईछत्री म्हणतात.

गुरे घेऊन गेलेला नातू संध्याकाळी घरी आला. त्याने घोंगडीची खोळ भरून अळंबी आणली होती.

"आजी, बघ केवढी अळंबी! आज कालवण कर."

आजीने विचारले, "वारुळावरची ना रे?"

"नाही, गोठणीवरच्या गवतातली. सगळी सारखीच असतात की!"

आजीची नजर अधू झाली होती. घरात दुसरी भाजी नव्हती. सून म्हणाली, "आत्याबाई, पेटीतला चांदीचा रुपया टाकून बघू. काळा पडला तर विषारी." रुपया पातेल्यात टाकला. अळंबी शिजली. रुपया पांढराच राहिला. सगळे पोटभर जेवले.

दोन तास झाले नसतील, तोच नातवाच्या पोटात मुरडा आला. त्याला उलट्या सुरू झाल्या. पाठोपाठ सुनेला झाल्या. शेजारी जमले. कोणी म्हणाले, "मिठाचं पाणी पाजा." कोणी म्हणाले, "भगताला बोलवा." पण शेजारच्या काकांनी आधी १०८ नंबरला फोन लावला आणि गाडी मागवली.

आजी म्हणाली, "मला काही होत नाही. मी राहते घरी."

काका म्हणाले, "वहिनी, तुम्ही जेवलात ना? मग तुम्हीही चला." त्यांनी उरलेले कालवण डब्यात घेतले. दारात पडलेली एक कच्ची अळंबी कागदात गुंडाळून घेतली.

वाटेत आजीलाही उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात तिघांना सलाइन लावले. तीन दिवसांनी तिघे बरे झाले.

डॉक्टरांनी कागदातली अळंबी उलटी करून दाखवली. टोपीच्या खाली वहीच्या पानांसारख्या पातळ पट्ट्या होत्या. त्यांवर हिरवट झाक होती.

"ही जात गवतात आणि खताच्या जागी उगवते," डॉक्टर म्हणाले. "कोवळी असताना पट्ट्या पांढऱ्या असतात. जून झाल्यावर हिरवट होतात. म्हणून कोवळी अळंबी फसवते."

सुनेने विचारले, "पण रुपया काळा नाही पडला!"

"चांदी गंधकाने काळी पडते. अंड्यानेसुद्धा पडते. अंडे काय विषारी असते? अळंबीच्या विषाचा आणि चांदीचा काही संबंध नाही."

आजी हळूच म्हणाली, "माझ्या आईनं मला वारूळ दाखवलं होतं. वारुळावरची अळंबी उपटली की देठ मुळासारखा लांब, खोल गेलेला असतो, हे तिनं हातात देऊन शिकवलं. रुपयाची गोष्ट मात्र कोणाची ते ठाऊक नाही."

"आजी, आईची शिकवण खरी होती," डॉक्टर म्हणाले. "रुपयाची गोष्ट ऐकीव होती. आपण खरे सोडले आणि ऐकीव धरले."

मग डॉक्टरांनी आणखी एका अळंबीची गोष्ट सांगितली. ती याहून घातकी असते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन १३ माणसे दगावली. त्यांत चहाच्या मळ्यांतली गरीब कुटुंबे होती. घातकी अळंबी खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ, काहीच होत नाही. मग जोराच्या उलट्या आणि जुलाब होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रोग्याला बरे वाटू लागते. घरचे निर्धास्त होतात. पण आत विष यकृत नासवत असते. मग डोळे पिवळे होतात, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

घातकी अळंबीच्या खुणा

१. टोपीखालच्या पट्ट्या पांढऱ्या असतात.
२. देठावर पातळ कडे असते.
३. देठाच्या बुडाशी वाटीसारखी पिशवी असते. ती मातीत दडलेली असते. वरून अळंबी तोडली तर ती दिसत नाही.
४. काही जातींच्या टोपीवर खवले असतात.

या खुणा दिसल्या तर अळंबी फेकून द्यावी. पण खुणा दिसल्या नाहीत म्हणून ती खाण्याजोगी ठरत नाही. कडे गळून पडते. खवले पावसाने धुऊन जातात.

या समजुती खोट्या आहेत

किडे खातात ती अळंबी चांगली, ही समजूत खोटी आहे. विषारी अळंबी गोगलगायही खाते. लसूण किंवा तांदूळ काळा पडला तरच विष, हेही खोटे. उकळल्याने किंवा वाळवल्याने घातकी अळंबीचे विष जात नाही.

विषबाधा झाली तर काय करावे?

१. ताबडतोब दवाखान्यात जावे. १०८ नंबरला फोन करावा.
२. ती अळंबी ज्यांनी ज्यांनी खाल्ली, त्या सर्वांनी जावे. त्रास नसला तरी जावे.
३. उरलेली अळंबी कागदात गुंडाळून न्यावी. उलटीही डब्यात घालून न्यावी.
४. किती वाजता खाल्ले आणि पहिली उलटी किती वाजता झाली, ते लिहून न्यावे.
५. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये.
६. रोगी गुंगीत असेल तर त्याला कुशीवर निजवावे. तोंडात काही घालू नये.
७. उलटी लवकर झाली म्हणून निर्धास्त राहू नये. एका खोळीत दोन जातींची अळंबी असू शकते.
८. बरे वाटले तरी डॉक्टर सांगतील तोवर घरी येऊ नये.

आजी घरी आली. पुढच्या उघडिपीला तिने नातवाचा हात धरला आणि त्याला वारुळापाशी नेले. तिने एक अळंबी मुळासकट उपटून त्याच्या हातात दिली.

"ही नीट बघ. हिची पक्की ओळख पटली तरच आण. जरा जरी शंका आली तरी टाकून दे. एक दिवस चटणी-भाकरी खाल्ली म्हणून कोणी मरत नाही."

प्रश्न

१. चांदीचा रुपया काळा का पडला नाही?
२. आजीला त्रास नसताना काकांनी तिला दवाखान्यात का नेले?
३. दुसऱ्या दिवशी बरे वाटले तरी रोग्याला घरी का आणू नये?
४. तुमच्या गावात अळंबी कोण ओळखते? त्यांनी ती कशी ओळखायला शिकली, ते त्यांना विचारा.