आधी अंधार मोज

कराड

चि. अमोल यास मामाचे अनेक आशीर्वाद.

परवाच्या फोनवर धड बोलणं झालं नाही. तू १२० इंच, १२० इंच म्हणत होतास आणि मागून तुझी आई, आमची अक्का, म्हणत होती, "त्याला म्हणावं, आधी माळ्याला दारं लाव." म्हणून लिहायला बसलोय.

मामाची हयात ऑपरेटरच्या केबिनमध्ये गेली, तो प्रोजेक्टरच्या बाजूने बोलणार असा तुझा अंदाज असणार. आईपुढे उभा करायला तुला वकील हवा होता, एवढं मला कळतं. पण हे वकीलपत्र मी घेत नाही. हॉलमध्ये टीव्ही घे. चांगला, ६५ इंची.

रागावू नकोस, पुढचं वाच.

मी १८ वर्षांचा असताना सिनेमाच्या तंबूवर लागलो. पालीच्या खंडोबाची, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची, अशा जत्रा धरत आमचा तंबू फिरायचा. खेळ सुरू करायच्या आधी मालक आत यायचा. मशीनकडे ढुंकूनही बघायचा नाही, कनातीच्या फटी बघायचा. पौषातली जत्रा असली की सुख, सव्वासहाला दिवस बुडायचा. चैत्रात मात्र सातला पब्लिक शिट्ट्या मारत असायचं, मी कार्बन लावून तयार असायचो आणि मालक हात वर करून म्हणायचा, "थांब. पडदा अजून पांढरा आहे."

तेव्हा मला तो चिकट म्हातारा वाटायचा. पुढे कळलं, सगळा धंदा त्या एका वाक्यात होता. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. कुठलाच नाही, लाखाचा असला तरी. काळं म्हणजे पडद्यावरची उजेड न पडलेली जागा. ती जागा तुझी खोली जेवढी काळी ठेवेल तेवढीच काळी दिसणार.

आता तुझा हॉल घे. १०० इंची पडदा म्हणजे साधारण सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच, क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. त्यावर खरे १००० ल्युमेन टाकले तर सुमारे ३६० लक्स उजेड पडतो. हॉलमधली ट्यूब त्याच भिंतीवर १०० लक्स पाडते असं धर. म्हणजे तुझं सगळ्यात पांढरं ४६० आणि सगळ्यात काळं १००. हिरोचा काळा कोट राखाडी, रात्रीचं जंगल म्हणजे धुकं. आणि हे ट्यूबचं झालं. तुझी बाल्कनी पश्चिमेला, चार ते साडेसहा ऊन सरळ आत. तेव्हा तर पडद्यावर काही चाललंय की नाही हे आवाजावरून ओळखावं लागेल.

यावर तू म्हणशील, मग जास्त ल्युमेनचा घेतो. इथेच लोक फसतात. डिजिटल थिएटरच्या पडद्यावर पांढऱ्याचं प्रमाण ४८ निट ठरलेलं आहे. तुझा साधा टीव्हीसुद्धा त्याच्या कितीतरी पट उजळ असतो. मिट्ट काळोखात १०० इंचांना थिएटरएवढा उजेड द्यायला सव्वाचारशे खरे ल्युमेन पुरतात. चार-पाचशे माणसं तीन तास खिळून बसायची ती त्या मंद उजेडावर, कारण भोवती काळोख होता. आमच्या गल्लीतल्या एका पोराने खोक्यावर १२,००० ल्युमेन छापलेला प्रोजेक्टर स्वस्तात मागवला आणि मला कौतुकाने बघायला बोलावलं. खोलीतला दिवा लावला, तर चित्र नाहीसं. पंखा मात्र गिरणीसारखा. मोजलेला आकडा 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' म्हणून लिहिलेला असतो. नुसतं 'ल्युमेन' असेल तर तो आकडा जत्रेतल्या जाहिरातीचा समज.

भिंतीला चिकटून ठेवायचे ते अल्ट्रा शॉर्ट थ्रोवाले प्रोजेक्टर तू पाहिले असशील. खास पडद्याबरोबर ते दिवसाही बरे दिसतात, मान्य. पण तो पडदा मुख्यतः वरून येणारा उजेड अडवतो आणि तुझं ऊन बाजूने येतं. शिवाय दोन्ही मिळून चांगल्या टीव्हीच्या वर खर्च जातो, म्हणजे स्वस्तात मोठं चित्र हे मूळ कारणच गेलं.

आता घरातल्या माणसांचं. तुझा टीव्ही आठवड्यातून किती वेळ सिनेमासाठी लागतो, खरं सांग. शनिवारी रात्री तीन तास. उरलेले दिवस सकाळी बातम्या, दुपारी पिल्लूची कार्टून आणि सातला अक्काची मालिका. अक्का मालिका बघता बघता मेथी निवडते, तिला उजेड लागतो. तू रोज संध्याकाळी तिला अंधारात बसवणार आहेस का? थिएटरात लोक तिकीट काढून अंधारात येतात. घरातल्यांनी ते काढलेलं नाही.

इंचांचं म्हणशील, तर तुझा सोफा भिंतीपासून नऊ फुटांवर आहे, मी वास्तुशांतीला पावलांनी मोजलाय. तेवढ्या अंतरावरून ६५ इंची टीव्ही डोळ्यासमोर साधारण ३० अंश व्यापतो, घरी बसून सिनेमा बघायला एवढा पुरे धरतात. एक रुखरुख राहील, ती आधीच सांगतो. सिनेमास्कोप चित्र टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या घेऊन येतं. ३२ इंच उंचीतली २४ इंचच वापरात येते. रुंदीने छाती दडपावी म्हणून जो आकार काढला, तोच घरी येऊन बुटका होतो. पन्नास वर्षांपूर्वी 'शोले' ७० एमएमवर पाहिलेला माणूस मी, मला ते खुपतं. तुलाही खुपेल.

टीव्हीत प्रकार दोन धर. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळं म्हणजे खरंच काळं. उरलेल्यांत मागे दिवे आणि पुढे काच. क्यूएलईडी नाव भारी असलं तरी तो याच जातीचा. त्यातला मिनी एलईडी मागचे दिवे भागाभागाने मंद करतो आणि भरउन्हात टिकतो. तुझ्या बाल्कनीसाठी मी मिनी एलईडी म्हणेन. दुकानात जाशील तेव्हा सगळ्यात भडक चित्राला भुलू नकोस, दुकानात ते मुद्दामच भडक लावलेले असतात. घरी आणल्यावर पहिलं काम, मोशन स्मूदिंग बंद कर. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. हे यंत्र मधली चित्रं मनाने घालतं आणि मोठमोठे नट लग्नाच्या व्हिडिओतल्यासारखे हलायला लागतात. चाळीस वर्षं मी एक चित्र इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, आणि हे डबडं स्वतःची घालतंय!

आवाजाचं तू विचारलंच नाहीस, कुणीच विचारत नाही. आमच्या पडद्याला बारीक भोकं असायची आणि मुख्य स्पीकर पडद्यामागे. नटी बोलली की आवाज तिच्या ओठांतून येतोय असं वाटायचं. प्रोजेक्टर डोक्यामागे टांगून त्याच्याच स्पीकरवर भागवलंस तर हिरो समोर आणि त्याचा आवाज तुझ्या मानेमागे. पातळ टीव्हीचा आवाजही पिचकाच. पैसे राखायचे तर ते इथे राख. संवादासाठी मधला वेगळा स्पीकर असलेला साउंडबार घे. पाच इंच कमी घेतलेस तरी चालेल.

मग प्रोजेक्टर कधीच नाही का? तुझी ती मागची खोली आहे ना, इस्त्रीचे कपडे आणि सायकल ठेवलेली, १० बाय ११ ची. खिडकी एकच आणि तीही डक्टकडे. तिथे वर्षा-दोन वर्षांनी जरूर लाव, मी स्वतः येऊन बसवून देईन. पण १२० इंच विसर. बहुतेक घरगुती प्रोजेक्टरांना पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागतं. १०० इंचांना ११ फूट झाले, आणि प्रोजेक्टरला स्वतःलाही जागा हवी. ८० इंच घे. आठ फुटांवरून तो हॉलमधल्या टीव्हीपेक्षा कितीतरी मोठा वाटेल. भिंतींना गडद मॅट रंग दे, छतालासुद्धा, नाहीतर पडद्याचाच उजेड छतावर आपटून परत पडद्यावर येतो. यंत्र वाकडं ठेवून कीस्टोनने चित्र सरळ करू नकोस, त्यात चित्राचे ठिपके वाया जातात. सरळ टांग. दिव्याचा घेतलास तर रोज तीन तासांनी ४००० तासांचा दिवा साडेतीन वर्षांत संपेल, आणि तो तापलेला असताना वीज गेली तर पंखा थांबून त्याआधीही. लेझरला २०,००० तास सांगतात, पण तेवढ्यात उजेड निम्म्यावर येतो हे सांगत नाहीत. पावसाळ्यात मात्र आठवड्यातून एकदा तरी चालव. दमट हवेत भिंगाला बुरशी धरते. आमच्या मशीनचं एक भिंग असंच गेलं होतं, आठ महिने उभा तंबू आणि चार महिने गोणपाटात मशीन.

माझ्यावर विश्वास नसेल तर एक कर. तुझ्या ऑफिसातला मीटिंगचा प्रोजेक्टर शनिवारी घरी आण. हॉलच्या भिंतीवर पांढरी चादर ताण. संध्याकाळी पाचला लाव, सातला ट्यूब चालू ठेवून लाव, मग दहाला सगळे दिवे घालवून. एकच रात्रीचा प्रसंग तिन्ही वेळा बघ. सातच्या वेळी अक्काला शेजारी बसव, मेथीची जुडी हातात देऊन.

आणि चादर इस्त्रीची घे. सुरकुती पडली तर नटीच्या गालावर येते.

तुझा,
मामा