ॲपर्चर आधी, उजेड मागून

पोरी, गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की लगेच लाईटच्या बटणाकडे हात नेऊ नकोस. आधी चेहरा बघ. नाकाच्या शेंड्यापासून कुठवर शार्प हवं ते ठरव. तिथंच ॲपर्चर ठरलं. उजेड मागून त्याला जुळवायचा.

आपल्या स्टुडिओत पैलवान येतात. त्यांचे मोडलेले कान ही तालमीतली कमाई, ते पुसट गेले तर फोटो फुकट. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ एमएमची लेन्स, माणूस दोन मीटरवर: एफ २.८ ला जेमतेम नऊ-दहा सेंटिमीटर शार्प मिळतं. डोळे आले तरी कान गेले. एफ ८ ला पाऊण फुटाच्या वर मिळतं, म्हणून मी एफ ८ वरच असतो. नवरीच्या नथीला आणि कोल्हापुरी साजालाही तेच. दोन ओळींचं कुटुंब असलं तर एफ ११, फोकस पुढच्या ओळीवर.

आयएसओ १००, शटर १/१२५, आणि त्यांना विसर. फ्लॅश शटरपेक्षा कितीतरी आधी विझतो, शटरनं फक्त खोलीतल्या ट्यूबचा उजेड कमीजास्त होतो. कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडच्या वर गेलीस तर फोटोत काळा पट्टा येईल.

खरी गंमत अंतरात आहे. लाईट दुप्पट लांब नेला की उजेड चौथाई उरतो, म्हणजे दोन स्टॉप गेले. फेटेवाले आजोबा बसले आणि सॉफ्टबॉक्स डोक्याशी आणलास, तर फेटा पांढरा फटक आणि हनुवटी अंधारात. स्टँड मागं घे, पॉवर वाढव; फेटा आणि हनुवटी एका उजेडात येतील. मागं नेल्यावर सावली थोडी कडक होते, ती चालवून घ्यायची. फेट्याची सावली डोळ्यांवर पडत असेल तर लाईट खाली उतरव. मीटर हनुवटीखाली धर, गोळा लाईटकडे. सावली भरणारा फिल लाईट नवरीला एक स्टॉपनं कमी पुरे. पैलवानाला दोन स्टॉपनं कमी ठेव, मानेचे स्नायू उठून दिसू देत.

कोल्हापुरात खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभापाशी जाशील तेव्हा सिनेमा काढणाऱ्या बाबुराव पेंटरांना आठव. सिनेमाचं शूटिंग उन्हावर चालायचं त्या काळात, १९२३ च्या ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम दिवे लावले. ते मुळात चित्रकार. उजेड कुठून यावा हे आपण ठरवायचं, ही हिंमत या गावात तेव्हापासून आहे. तुझ्या हातात तर पॉवरचं बटण आहे.

आणि चष्मेवाल्यांचा चष्मा काढायला लावू नकोस, रोजचा चेहरा तोच असतो. लाईट वर चढव, चष्म्याच्या काड्या कानावर जरा उचल, काचेतली चमक निघून जाईल. मग डोळ्यावर फोकस घे.