रिकाम्या घराला ऊब कशासाठी?

प्रश्न : आमचा मुलगा आणि सून इंग्लंडमध्ये रेडिंगला असतात. काही वर्षे भाड्याने राहून गेल्या वर्षी त्यांनी स्वतःचे घर घेतले. या डिसेंबरात घरच्या लग्नासाठी ते पाच आठवडे इकडे येणार आहेत. मुलगा म्हणतो, घर बंद असले तरी हीटिंग चालू ठेवावे लागेल, विम्याच्या कागदात तशी अट आहे. माणूस नसलेले घर महिनाभर गरम ठेवायचे, हे आम्हाला पटत नाही. शिवाय मागच्या हिवाळ्यात बॉयलर बंद पडला तेव्हा त्याच विमा कंपनीने दुरुस्तीचा खर्च दिला नाही. भाड्याच्या घरात असताना असाच बिघाड घरमालकाने स्वतःच्या खर्चाने काढून दिला होता. हा फरक का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुलगा बरोबर सांगतो आहे. ती ऊब पाइपांसाठी असते.

इंग्लंडमधल्या बहुतेक घरांत गॅसवर चालणारा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, पंप ते पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत फिरवतो आणि निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे येते. याखेरीज नळाच्या गार पाण्याचे पाइप घरभर, पुष्कळदा छपराखालच्या माळ्यातूनही गेलेले असतात. उष्णता अडवणारा लोकरीसारखा जाड थर या माळ्याच्या तळाशी अंथरतात. त्यामुळे खालच्या खोल्या उबदार राहतात, पण माळा जवळजवळ बाहेरइतकाच गार पडतो.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. पाइपात बर्फ धरला की तो बर्फ आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावरचा दाब वाढत जातो आणि पाइप तडकतो. तडकल्याचे लगेच कळतही नाही, कारण भेगेत बर्फच बुचासारखा बसलेला असतो. थंडी ओसरून बर्फ वितळला की पाणी वाहू लागते, आणि तोटी बंद करायला घरात कोणी नसले तर दिवसेंदिवस वाहत राहते. खोलीचे छत खाली येते, लाकडी जमीन फुगते, वायरिंग भिजते. डिसेंबर २०१० हा ब्रिटनच्या १९१० पासूनच्या नोंदींतला सर्वांत थंड डिसेंबर होता. त्या वर्षी नाताळानंतर थंडी अचानक उतरली आणि उत्तर आयर्लंडमध्ये नाताळच्या सुट्टीत बंद असलेल्या घरांत-दुकानांत फुटलेल्या पाइपांतून इतके पाणी वाहून गेले की जलाशय खाली गेले आणि हजारो घरांचा पाणीपुरवठा तोडावा लागला.

म्हणून विमा कंपन्या रिकाम्या घराला घाबरतात. इंग्लंडमधल्या बहुतेक घरविम्यांत सलग ३० दिवस (काहींत ६० दिवस) घरात कोणी राहत नसेल, तर पाइप फुटून झालेल्या नुकसानाचे संरक्षण थांबते किंवा कमी होते. पाच आठवडे म्हणजे ३५ दिवस. तुमच्या मुलाने सर्वांत आधी पाहायला हवे ते हे कलम, हीटिंगची अट त्यानंतरची. ती अट पॉलिसीप्रमाणे बदलते. हिवाळ्याच्या ठरावीक महिन्यांत घरातले तापमान १२ ते १५ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर मुख्य तोटी बंद करून पाइपांतले पाणी काढून टाका, असा पर्याय पुष्कळ ठिकाणी असतो. म्हणजे घर राहत्या घराइतके गरम ठेवावे लागत नाही. गॅस जळेल, पैसेही जातील. पण वाहत्या पाण्याने पोखरलेल्या घराच्या डागडुजीपुढे तो खर्च फार थोडा आहे.

अट मोडली की विमा मेला, असे मात्र नाही. ब्रिटनच्या २०१५ च्या विमा कायद्याचे ११ वे कलम ग्राहकाच्या बाजूचे आहे. विशिष्ट धोका टाळण्यासाठी घातलेली अट मोडली गेली, पण जे नुकसान झाले त्याची शक्यता त्या चुकीने वाढूच शकत नव्हती, तर तेवढ्या कारणावर कंपनी भरपाई नाकारू शकत नाही. हीटिंग बंद होते म्हणून वादळात उडालेल्या छपराचा दावा फेटाळता येत नाही. फुटलेल्या पाइपाला मात्र हे कलम वाचवणार नाही.

आता बॉयलरच्या दुरुस्तीचे. घरविमा अचानक ओढवलेल्या नुकसानासाठी असतो. वापराने झालेली झीज, गंज, जुनेपणाचा बिघाड तो धरत नाही. बॉयलर फुटून जमीन भिजली तर भिजलेल्या जमिनीचे पैसे मिळतील, थकलेल्या पंपाचे मिळणार नाहीत. त्यासाठी ‘होम इमर्जन्सी’ नावाचे वेगळे संरक्षण जास्तीचा हप्ता भरून घ्यावे लागते. त्यातही दर वेळच्या खर्चाला मर्यादा असते आणि फार जुना बॉयलर पुष्कळदा वगळलेला असतो.

उरला यंत्राचा मूळ दोष. त्याची जबाबदारी उत्पादकाच्या वॉरंटीवर. ती चांगली ५ ते १० वर्षांची मिळते, पण दर वर्षी नोंदणीकृत इंजिनीअरकडून सर्व्हिसिंग करून त्याची नोंद ठेवावी लागते. एक वर्ष चुकले की वॉरंटी हातची जाऊ शकते. जुने घर घेताना लोक स्वयंपाकघराच्या फरशा निरखून पाहतात आणि बॉयलरची सर्व्हिस-वही मागायला विसरतात, याची मला खरोखर हळहळ वाटते. नव्या बांधकामाला तिथे बहुधा १० वर्षांची हमी असते. पण एनएचबीसी या हमी देणाऱ्या संस्थेच्या प्रचलित हमीत पहिली २ वर्षे बिल्डरने दोष दुरुस्त करायचे असतात आणि पुढच्या ८ वर्षांत मुख्यतः बांधकामाचे मोठे दोष येतात. तिसऱ्या वर्षी बिघडलेला बॉयलर त्यात बसत नाही.

मागच्या हिवाळ्यातला बिघाड कडाक्याच्या थंडीतला असेल, तर आणखी एक शक्यता आहे. नव्या पद्धतीचे बॉयलर धुरातली वाफ थंड करून उष्णता वाचवतात. तयार झालेले पाणी बारीक प्लास्टिकच्या नळीने बाहेर सोडतात. ही नळी भिंतीबाहेर उघडी असली की पाणी तिच्यातच गोठते आणि बॉयलर आपोआप बंद होतो. कंपन्या सहसा हा बिघाड वॉरंटीत धरत नाहीत. नळीवर कोमट पाणी (उकळते नव्हे) ओतून बॉयलर पुन्हा चालू केला की बहुतेक वेळा काम भागते. नळीवर आवरण बसवून घेतले तर तेही करावे लागत नाही.

भाड्याच्या घरातला अनुभव वेगळा आला, त्यामागे घरमालकाचा चांगुलपणा असेल, पण कायदाही होता. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या करारात जे लिहिले तेच अंतिम, अशी आपली समजूत असते. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या ११ व्या कलमाने सात वर्षांहून कमी मुदतीच्या भाडेकरारात खोल्या गरम ठेवण्याची आणि पाणी तापवण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य ठरवले आहे. करारात ‘बॉयलर भाडेकरूने दुरुस्त करावा’ असे लिहून घेतले तरी, आधी न्यायालयाची परवानगी घेतलेली नसेल तर, ते निरर्थक ठरते. गॅसच्या उपकरणांची दर वर्षी तपासणी करून तिचा दाखला भाडेकरूला देणे हेही त्याच्यावर बंधनकारक आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून, बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत विषारी कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्मही त्याने बसवायचा असतो. भाडेकरूने एक करायचे : बिघाड लगेच कळवायचा, तोही लेखी. खोलीतला दोष घरमालकाला कळल्यापासूनच दुरुस्तीची जबाबदारी सुरू होते.

भाडेकरू अगदी मोकळा मात्र नाही. १९५३ च्या एका खटल्यात न्यायमूर्ती डेनिंग यांनी भाडेकरूने घर कसे वापरावे, याची साधी कामे सांगितली. हिवाळाभर परगावी जाणार असेल तर पाण्याची तोटी बंद करून बॉयलर रिकामा करावा, हे त्यांत आहे. पुढे १९८२ साली विकम इथल्या खटल्यात एक भाडेकरू थंडीत एकदोन रात्री बाहेर राहिली आणि पाइप फुटला. तेव्हा अपील न्यायालयाने तिला दोषी धरले नाही. थंडी किती आणि गैरहजेरी किती, यावर सगळे अवलंबून आहे, असे न्यायालय म्हणाले. मला हा निवाडा फार शहाणपणाचा वाटतो. एकदोन रात्रींसाठी कोणी पाइप रिकामे करीत बसत नाही. पाच आठवड्यांसाठी करायलाच हवेत, नाहीतर घर कोमट ठेवायला हवे. (हे भाडेकायदे इंग्लंडचे, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे वेगळे आहेत.)

तेव्हा मुलाला हीटिंग बंद करायचा आग्रह करू नका. त्याऐवजी सांगा की निघण्यापूर्वी विमा कंपनीला ३५ दिवसांची गैरहजेरी कळव आणि संरक्षण वाढवून त्यांचे उत्तर ईमेलने लेखी घे. थर्मोस्टॅट पॉलिसीत सांगितलेल्या अंशावर ठेव, माळ्याचे झाकण किलकिले ठेव म्हणजे थोडी ऊब वरही पोचेल. बॉयलरचे सर्व्हिसिंग नोव्हेंबरातच उरकून घे. मित्राकडे किल्ली देऊन आठवड्यातून एकदा घर बघायला सांग, आणि मुख्य तोटी कुठे आहे ते त्याला जाण्याआधी प्रत्यक्ष दाखवून ठेव.