संकेतस्थळाचा पत्ता बदलताना शोधातील जागा कशी राखावी?



मोहर्ली, आगरझरी, देवाडा, जुनोना या ताडोबाच्या कडेच्या गावांत धानाच्या शेतीला पाहुण्यांच्या खोल्यांची जोड आता नवी राहिलेली नाही. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केल्यापासून या जोडधंद्याकडे वळणाऱ्यांना एक चौकटही मिळाली आहे. या खोल्यांत येणारा पाहुणा नागपूर, पुणे किंवा हैदराबादेत बसून मोबाइलवर 'मोहर्ली गेटजवळ राहण्याची सोय' असे काहीतरी शोधतो आणि पहिल्या चार-पाच उत्तरांतूनच कोणाला तरी फोन लावतो. त्या चार-पाचांत आपले नाव यायला दोन-तीन हंगाम जातात. ते निघून जायला मात्र निष्काळजीपणाने केलेला एक बदल पुरतो, आणि हा बदल बहुधा संकेतस्थळाचा पत्ता बदलतानाच होतो.

पत्ता बदलण्याची कारणे रास्त असतात. सुरुवातीला फुकट मिळालेल्या पत्त्यावर काम भागवलेले असते. पुढे स्वतःचे नाव घ्यावेसे वाटते. कधी संकेतस्थळ करून देणारा मुलगा दुसऱ्या कामाला लागतो, कधी जागेचे भाडे परवडत नाही. म्हणून बदल टाळा असे आम्ही सांगणार नाही. तो कसा करावा ते पाहू.

शोधयंत्र काय लक्षात ठेवते?

गूगलसारखे शोधयंत्र आपल्याला ओळखत नाही, आपल्या खोल्यांनाही ओळखत नाही. ते पानाचा पत्ता ओळखते. आपल्या 'खोल्या व दर' या पानाचा एक पत्ता, 'चंद्रपूरहून कसे याल' या पानाचा दुसरा. त्या पत्त्याकडे इतर किती ठिकाणांहून दुवे येतात, लोक तेथे येऊन थांबतात का, मजकूर उपयोगाचा आहे का, याची नोंद त्या पत्त्याच्या नावे साठत जाते. दुसऱ्याने दिलेला दुवा म्हणजे त्या पानाच्या बाजूने दिलेली साक्ष, ही कल्पना लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडली आणि गूगलचा पाया तीच आहे. पत्ता बदलला की या सगळ्या साक्षी जुन्या नावावर राहतात. नवे पान शोधयंत्राच्या लेखी काल जन्मलेले असते.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तेव्हा कोणता जुना नंबर कोणत्या गटात गेला याचे पत्रक ठेवावे लागले. ज्याच्याकडे ते पत्रक जुळते त्याचा हक्क सिद्ध होतो; ज्याचे जुळत नाही तो कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. संकेतस्थळाच्या स्थलांतरातही असेच पत्रक करावयाचे असते.

नाव बदलले तरी जुनी वाट चालू ठेवणे काय असते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. चांद्याचे चंद्रपूर होऊन कित्येक दशके लोटली, तरी रेल्वेचे एक स्थानक आजही 'चांदा फोर्ट' याच नावाने आहे आणि त्या नावाचे तिकीट काढणारा प्रवासी चंद्रपुरातच उतरतो.

आपल्या दारातील उदाहरण

२०२३ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे सफारी आरक्षण 'मायताडोबा डॉट ऑर्ग' या पत्त्यावरून 'मायताडोबा डॉट महाफॉरेस्ट डॉट गव्ह डॉट इन' या शासकीय पत्त्यावर गेले. ज्या ज्या खोलीवाल्याने आपल्या पानावर 'सफारीसाठी येथे जा' म्हणून जुना दुवा दिला होता, त्याला तो हाताने बदलणे आले. स्थलांतर दुसऱ्याचे असले तरी थोडे काम आपल्यालाही पडते ते असे. आपण आजच आपले पान उघडून हा दुवा तपासावा. पाहुण्यालाही सांगावे की पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' पाहूनच पैसे भरा; ते शेपूट बाजारात कोणालाही विकत मिळत नाही.

हेच उलट बाजूने पाहा. आपण पत्ता बदलला तर आपला जुना पत्ता ज्यांनी आपापल्या पानांवर, पत्रिकांवर, प्रवासवर्णनांत लिहिला आहे, ते सगळे तो बदलणार नाहीत. त्यांना कळणारही नाही. म्हणून जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर पोचवण्याची व्यवस्था आपल्यालाच करावी लागते.

कायमचे वळण

या व्यवस्थेला वळण म्हणू. पाटाचे पाणी एका बांधीतून दुसरीत वळवावे तसे. वळणाचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. क्रमांक ३०१ चे वळण कायमचे. 'आता यापुढे येथेच या' असे ते शोधयंत्राला सांगते, आणि जुन्या पानाच्या नावे साठलेली पत नव्याकडे येते. क्रमांक ३०२ चे वळण तात्पुरते. त्यातून 'मालक परत येणार आहे' असा अर्थ निघतो आणि शोधयंत्र बराच काळ जुनाच पत्ता धरून बसू शकते. काम करणाऱ्या मुलाला स्पष्ट विचारावे, 'वळण ३०१ चे आहे ना?' हा एक प्रश्न विचारला तरी तो समजून जातो की मालकाला विषय कळतो.

सर्वांत जास्त नुकसान होते ते पुढील चुकीने. घाईत सगळी जुनी पाने नव्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर वळवली जातात. समजा, आपल्या पाच खोल्या आहेत आणि 'चंद्रपूरहून मोहर्लीला कसे यावे' हे आपले पान शोधात वर येते. त्यावर बोट ठेवणाऱ्याला बसची आणि रस्त्याची माहिती हवी आहे. त्याला एकदम मुख्य पानावर नेऊन सोडले तर तो गोंधळून परत जातो. आणि शोधयंत्र तर असे वळण 'पान अस्तित्वात नाही' असेच मानते. साठलेली पत गेली. म्हणून प्रत्येक जुन्या पानाला त्याचेच नवे पान. जे पान नव्या ठिकाणी ठेवायचेच नाही, त्याला जवळच्या विषयाचे पान द्यावे. तसेही नसेल तर ते सरळ बंद होऊ द्यावे.

पत्रक करण्यासाठी साधी वही चालते. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. गूगलच्या 'सर्च कन्सोल' या विनामूल्य सोयीत कोणत्या पानावर किती लोक शोधातून आले याचा १६ महिन्यांचा हिशेब मिळतो. तो स्थलांतराच्या आधी उतरवून घ्यावा. तो पाहिल्यावर पुष्कळांना नवल वाटते, कारण मोठ्या हौसेने केलेल्या पानावर कोणी फिरकलेले नसते आणि जेवणाच्या थाळीचे किंवा पावसाळ्यातील फुलपाखरांचे एखादे दुर्लक्षित पान लोक आणत असते. छायाचित्रांचेही पत्ते असतात हे विसरू नये. ताडोबात वाघाचे चित्र शोधत आलेला माणूस खोली शोधणाराही असतो.

एक वळण दुसऱ्या वळणावर, ते तिसऱ्यावर, अशी साखळी होऊ देऊ नये. पूर्वी एकदा पत्ता बदलला असेल तर त्या सर्वांत जुन्या पत्त्याचे वळणही आता थेट शेवटच्या पत्त्यावर द्यावे.

पत्त्याचा मालक कोण?

हा प्रश्न खरे तर सर्वांच्या आधी सोडवावा. जमीन घेताना आपण सातबारा पाहतो, पण संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावावर, कोणाच्या ई-मेलवर नोंदले आहे हे पाहत नाही. पुष्कळदा ते करून देणाऱ्याच्याच नावावर असते. त्याच्याशी बिनसले, किंवा तो नूतनीकरण विसरला, की नाव सुटते. सुटलेले नाव कोणीही घेऊ शकतो. त्यावर जुगाराच्या जाहिराती लागल्या तर अब्रू जाते. आपल्याच खोल्यांची चित्रे लावून कोणी आगाऊ रक्कम गोळा केली तर पाहुणा गेटवर येऊन आपल्याशी भांडतो. म्हणून नवे नाव तर स्वतःच्या नावावर घ्यावेच, पण जुनेही सोडू नये. वळण निदान एक वर्ष चालू ठेवावे असे गूगलचे सांगणे आहे. जुने नाव त्याहून पुष्कळ अधिक काळ राखावे असे आमचे मत आहे. वर्षाला लागणारी रक्कम एका खोलीच्या एका रात्रीच्या भाड्याहून सहसा जास्त नसते.

जुन्या नावाचे सुरक्षा प्रमाणपत्रही चालू लागते. ते संपले की पाहुण्याच्या मोबाइलवर धोक्याची सूचना झळकते आणि वळण असूनही तो पुढे जात नाही. जुन्या नावावर ई-मेल असेल तर त्याचीही सोय आधी लावावी, नाहीतर आरक्षणाची पत्रे हवेत जातात.

फुकटच्या पत्त्यावर असणाऱ्यांनी त्या सेवेत वळण देता येते का हे प्रथम विचारून घ्यावे. ब्लॉगरमध्ये स्वतःचे नाव जोडले की जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ता आपोआप नव्याकडे वळतो. जेथे वळण मिळत नाही, तेथे जुन्या पानावर ठळक अक्षरांत नव्या पानाचा दुवा द्यावा आणि जुने पान मिटवू नये.

वेळ कोणती धरावी?

ताडोबाचा गाभा भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. १ ऑक्टोबरला गेट उघडण्याआधी, पाहुण्यांचा शोध दिवाळी व हिवाळ्यासाठी वाढतो तो काळ सोडावा. लहान संकेतस्थळाची बहुतेक पाने शोधयंत्राने नव्या पत्त्यावर नोंदवून घ्यायला काही आठवडे लागतात, हे धरून मागे मोजावे. पण जुलै-ऑगस्टात रोवणी असते, तेव्हा घरात कोणालाही मोबाइल पाहायला सवड नसते. म्हणून परे टाकून झाल्यावर ते रोवणीला येईपर्यंतचे जे तीन आठवडे मिळतात, ते या कामासाठी उत्तम.

या काळात एकच बदल करावा. पत्ता बदलायचा तर मजकूर, रचना, चित्रे जशीच्या तशी न्यावी. वाण, खत आणि शेत एकाच वर्षी बदलले तर उतारा का घटला हे कोणाला सांगता येईल? रंगरूप पुढच्या उन्हाळ्यात बदलता येते.

स्थलांतराचा दिवस

नवे संकेतस्थळ तयार होत असताना ते शोधात दिसू नये म्हणून त्याला कुलूप घातलेले असते. वर्डप्रेसमध्ये ही एक लहानशी चौकट असते, 'रीडिंग' या सेटिंगखाली. ती काढायची राहून जाते आणि मालक दोन महिने वळणांत दोष शोधत बसतो. त्या दिवशी प्रथम ती पाहावी. मग वहीतील प्रत्येक जुना पत्ता मोबाइलवर टाकून तो नेमका कोठे पोचतो ते स्वतः बघावे. पाहुण्यांना व्हॉट्सअॅपवर पूर्वी पाठवलेले दुवेही उघडून पाहावे. नव्या पानांवरील आतले दुवे जुन्या पत्त्याकडे बोट दाखवत असतील तर दुरुस्त करावे.

यानंतर सर्च कन्सोलमध्ये जुने व नवे दोन्ही पत्ते एकाच खात्यात नोंदवून 'पत्ता बदल' हा अर्ज भरावा आणि नव्या पानांची यादी सादर करावी. गूगलच्या नकाशावरील आपल्या नोंदीत संकेतस्थळाचा पत्ता बदलावा. तेथे नवी नोंद करू नये. पाहुण्यांचे अभिप्राय जुन्या नोंदीवरच असतात. चंद्रपूर-मोहर्ली रस्त्यावरील आपली पाटी रंगवायची राहिली तरी वळण असल्याने काम अडत नाही.

पुढचे काही आठवडे क्रमांक खाली-वर होतील. त्या भरात वळणे काढून जुन्या जागी परत जाऊ नये, त्याने गोंधळ दुप्पट होतो. 'दहा दिवसांत पहिला क्रमांक' सांगणारे फोनही याच वेळी येतात. त्यांना पैसे देऊ नयेत. सर्च कन्सोलमध्ये 'पान सापडले नाही' अशी यादी दर आठवड्याला पाहावी आणि वहीत राहून गेलेला पत्ता दिसला की त्याचे वळण घालावे. तुलना करताना ऑगस्टची ऑगस्टशीच करावी. आपला धंदा हंगामी आहे. मे महिन्याशी ऑगस्ट ताडून पाहिला तर स्थलांतर बिघडले असेच वाटेल. येणाऱ्या ऑक्टोबरचे आकडे मागच्या ऑक्टोबरच्या जवळ आले, की वही कपाटात ठेवावी आणि जुन्या नावाच्या नूतनीकरणाची तारीख तिच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.